दीड टनाचा एसी उचलायला माणसं किती?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की घरातली कुठलीही वस्तू हातात घ्या, तिच्यावर एखादं तरी माप छापलेलं असतं. न कळणारं सापडलं तर कळवा. तुम्ही मनावर घेतलंत. पत्रं आली, मेल आले, एकांनी तर भिंतीवरच्या एसीचा फोटो पाठवला. मी तेहतीस वर्षं वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. समोर आलेलं किलोचं वजन खरंच किलोचं आहे का, मीटरची पट्टी खरंच मीटर भरते का, एवढंच पाहायचं काम. त्यामुळे आकडा दिसला की "कशाचा?" असं विचारायची खोड लागली ती लागलीच, आणि घरचे तिला कंटाळले आहेत. तुम्ही कंटाळला नाहीत तोवर लिहिते. फोटोवाल्यांपासून सुरुवात करू.

प्रश्न: ताई, आमचा दीड टनाचा एसी दोन माणसांनी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणला. दीड टन म्हणजे दीड हजार किलो ना? मग हे टन कसले?

बर्फाचे. थट्टा नाही, खरंच बर्फाचे. यंत्रं यायच्या आधी गारवा हवा असेल तर बर्फ आणावा लागे. थंड मुलखात तळी गोठली की लाद्या कापायच्या, भुशात पुरून ठेवायच्या आणि उन्हाळा आला की बाहेर काढायच्या. पुढे गारवा करणारी यंत्रं निघाली तेव्हा त्यांची ताकदही बर्फाच्याच भाषेत सांगायची पद्धत पडली. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना भोवतालची जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं.

यातला टन अमेरिकी आहे, 2000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 907 किलोचा. एक पौंड बर्फ वितळायला 144 बीटीयू (हे उष्णतेचं जुनं ब्रिटिश एकक) उष्णता लागते. 2000 गुणिले 144 म्हणजे 2,88,000. त्याला 24 तासांनी भागा, तासाला 12,000 बीटीयू येतात. एसीच्या कागदपत्रांत हा 12,000 चा आकडा दिसतो तो इथून आलेला. वॉटमध्ये म्हणाल तर साधारण 3,517. तुमचं यंत्र त्याच्या दीडपट, म्हणजे सव्वापाच किलोवॉटच्या आसपास उष्णता खोलीबाहेर नेऊन टाकतं. हा वीज खाण्याचा आकडा समजू नका. यंत्र फक्त उष्णतेची हमाली करतं आणि हमालीला लागणारी वीज वाहून नेलेल्या उष्णतेपेक्षा बरीच कमी असते. जिन्यावरून उचललं ते यंत्राचं वजन तिथेच लेबलवर किलोत वेगळं लिहिलेलं असेल. आता मला पुन्हा फोटो पाठवू नका, मान्य आहे.

प्रश्न: नवा मोजायचा टेप घेतला. टोकाची पत्र्याची आकडी पहिल्या दिवसापासून मिलिमीटरभर मागेपुढे हलते. मी झटपट चिकटणारा डिंक लावून ती पक्की केली, तर आता सुतार म्हणतो टेप बिघडला. कोणाचं खरं?

सुताराचं. डिंक खरवडून काढा.

ती आकडी मुद्दाम सैल ठेवलेली असते. टेप उलटा करून पाहा: रिव्हेट गोल आहेत, पण पत्र्यातली भोकं लांबट. आकडी नेमकी तिच्या स्वतःच्या जाडीइतकीच सरकते. फळीच्या कडेला आकडी अडकवून टेप ओढलात, की ती बाहेर सरकते आणि माप आकडीच्या आतल्या बाजूपासून सुरू होतं. तोच टेप दोन भिंतींच्या मधलं अंतर मोजायला कोपऱ्यात दाबलात, की ती आत सरकते आणि माप तिच्या बाहेरच्या बाजूपासून सुरू होतं. दोन्ही वेळा पत्र्याची जाडी हिशेबातून आपोआप बाद होते. डिंकाने ती एका जागी बसली, की दोहोंतलं एक माप कायमचं पत्र्याच्या जाडीएवढं चुकणार. कपाट आतून बरोबर आणि बाहेरून मिलिमीटरने चुकलेलं निघालं, तर दोष सुताराच्या माथी मारू नका.

ओघात आणखी एक. जुन्या फूटपट्टीचं शून्याकडचं टोक झिजलेलं असतं. आम्ही मोजायला सुरुवातच दहापासून करत असू. मात्र शेवटी दहा वजा करायचे असतात. मी ते विसरले आहे, आणि एकदाच नव्हे.

प्रश्न: माझी दहावीतली मुलगी विचारते, मीटर, सेकंद ही मूळ एककं साधी, मग वजनाच्याच मूळ एककाला आधीच 'किलो' का जोडलेलं? मूळ एकक ग्रॅम का नाही?

तुमच्या मुलीला शाबासकी द्या. हा प्रश्न मला नोकरीची चार वर्षं होईपर्यंत सुचला नव्हता.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर नवी मापं ठरत होती, तेव्हा 1793 मध्ये एक लिटर पाण्याच्या वस्तुमानाला 'ग्राव' असं सुटसुटीत नाव दिलं होतं. ते टिकलं असतं तर आज प्रश्नच उरला नसता. पण 1795 च्या कायद्यात ग्रॅम आला: वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाणी. आता एवढ्याशा ग्रॅमचा सर्वांसाठी नमुना करायचा म्हणजे चिमूटभर धातू. तो हाताळायचा कसा, जपायचा कसा? म्हणून नमुना केला हजार ग्रॅमचा, 1799 मध्ये, प्लॅटिनमचा. कायद्यात नाव ग्रॅमचं आणि कपाटात वस्तू किलोची. पुढची दोनशे वर्षं सगळ्यांनी तुलना केली ती कपाटातल्या वस्तूशी, म्हणून मूळ एकक किलोग्रॅमच झालं आणि 'किलो' हे शेपूट पुढून चिकटलेलं राहिलं.

1889 मध्ये त्या जागी नवा नमुना आला: नव्वद टक्के प्लॅटिनम, दहा टक्के इरिडियम, उंची आणि व्यास दोन्ही 39 मिलिमीटर. अंगठा आणि तर्जनीच्या पकडीत मावेल एवढा. पॅरिसजवळ सेव्हर इथल्या तळघरात काचेच्या झाकणांखाली तो ठेवला. तिजोरीला तीन किल्ल्या, तिन्ही वेगवेगळ्या लोकांकडे. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी गेल्या. भारताकडे 57 क्रमांकाची प्रत आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत.

इथे माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. नोकरीतला पहिला आठवडा. एक ग्रॅमचं छोटं वजन मी चिमटा न घेता सरळ बोटांनी उचललं. आमचे साहेब रागावले नाहीत. त्यांनी ते वजन माझ्या हातून चिमट्याने घेतलं, सूक्ष्म तराजूच्या काचेत ठेवलं, दार लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहिले. आकडा वहीत लिहिला. मग वजन मऊ कातड्याने पुसून पुन्हा ठेवलं. शेवटचे आकडे बदलले. फरकाखाली रेघ मारून म्हणाले, "ही तुमची सही." बोटाचा तेलकट ठसा, मायक्रोग्रॅममधला. त्या दिवसापासून घरातली चहाची कपबशी सोडता मी कशालाच बेफिकीर हात लावला नाही.

आता हे त्या तळघरातल्या किलोला लावा. अनेक दशकांनी तो बाहेर काढून प्रतींशी ताडून पाहिला, तेव्हा शतकभरात प्रती आणि मूळ यांच्यात 50 मायक्रोग्रॅमच्या घरात तफावत पडलेली दिसली. साधारण एका ठशाएवढी. पण चूक कोणाची म्हणायची? व्याख्येनेच किलो म्हणजे तो तुकडा. त्याचे कण उडाले, तरी तो हलका झाला असं म्हणता येत नव्हतं. उरलेलं सगळं जगच जड झालं असं म्हणावं लागलं असतं! आम्हा तपासनिसांना यात रात्री झोप न येण्याइतकं विनोदी काहीतरी होतं.

शेवटी 16 नोव्हेंबर 2018 ला व्हर्सायच्या परिषदेत मतदान झालं आणि 20 मे 2019 पासून किलो त्या तुकड्यावरून उतरवून प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या आकड्याला, बांधला. आता किबल तराजू नावाच्या यंत्रात एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला पारड्याऐवजी विजेच्या प्रवाहाने निर्माण केलेला चुंबकीय जोर असतो. तो जोर विजेच्या मोजमापांतून काढतात आणि किलो ठरतो. तुकडा अजून तिथेच आहे. सेवानिवृत्त, माझ्यासारखा.

प्रश्न: पाट्यांवर किलोग्रॅमचं इंग्रजी लघुरूप कधी मोठ्या अक्षरांत, कधी पुढे एस लावून, कधी टिंब देऊन. बरोबर काय?

के आणि जी, दोन्ही लहान लिपीतली. एस नाही, टिंब नाही, कितीही किलो असोत. मोठा के एकटा लिहिला तर ते तापमानाचं केल्विन होतं. हे कीस काढणं वाटेल, पण मोठा एम म्हणजे मेगा आणि लहान एम म्हणजे मिली. माझ्याच एका अहवालात 5 मिलिवॉटचा लेझर टायपिंगमध्ये 5 मेगावॉटचा झाला होता. एका अक्षरात अब्जपट. खाली सही माझी होती.

प्रश्न: माणसाचं नॉर्मल तापमान 98.6 फॅरनहाइट. दशांश चिन्हानंतरचं सहा इतकं नेमकं कोणी शोधलं?

कोणी नाही. ते गुणाकारातून गळून पडलं. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या बगलेत थर्मामीटर लावून 1868 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी सांगितलेला आकडा 37 सेल्सिअस, चांगला गोल आकडा. 37 ला 1.8 ने गुणा, 66.6 येतात, त्यात 32 मिळवा, 98.6. मूळ मोजणीत नसलेला काटेकोरपणा भाषांतरात आला. निरोगी माणसाचं तापमान सकाळी कमी, संध्याकाळी थोडं जास्त असतंच, तेव्हा 98.2 किंवा 98.9 दिसलं म्हणून लगेच पांघरूण घेऊ नका.

याच पत्रात दुसरा प्रश्न होता: बातमीत "तापमान 2 अंश सेल्सिअसने, म्हणजे 35.6 फॅरनहाइटने वाढलं" असं वाचलं, ते खरं का? नाही हो! 32 मिळवायचे ते तापमान किती आहे हे सांगताना. वाढ किंवा घट सांगताना फक्त 1.8 ने गुणायचं: 2 अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे 3.6 अंश फॅरनहाइटची. ज्याने ते छापलं त्याने यंत्राला विचारलं असणार, स्वतःला नाही.

प्रश्न: घरातला डिजिटल वजनकाटा खरं बोलतो का, हे प्रमाणित वजनं नसताना कसं तपासायचं?

प्रिंटरचा कागद आहे घरात? मग वजनं आहेत.

ए-फोर कागदाचं गणित फार देखणं आहे. ए-झीरो हा मोठा कागद बरोबर एक चौरस मीटरचा, 841 बाय 1189 मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए-वन, पुन्हा दुमडला की ए-टू. चार वेळा दुमडल्यावर ए-फोर. म्हणजे ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग. लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाचं वर्गमूळ, 1.414, ठेवल्यामुळे कितीही वेळा अर्धा केला तरी कागदाचा आकार तोच राहतो. ही युक्ती लिख्टेनबर्ग या जर्मन प्राध्यापकांनी 1786 च्या एका पत्रात लिहून ठेवली होती. जर्मनीने तिच्यावर 1922 मध्ये मानक बेतलं आणि मग ते बहुतेक जगात पसरलं.

आता कागदाच्या गठ्ठ्यावर '80 जीएसएम' असं छापलेलं पाहा. चौरस मीटरला 80 ग्रॅम. सोळाने भागा: एक कागद 5 ग्रॅम. वीस कागद 100 ग्रॅम. पाचशेचा गठ्ठा, वरचं वेष्टन काढून, अडीच किलो.

मी हे परवा स्वतः केलं. वीस कागद मोजून घेतले, गुंडाळी करून रबर लावलं (रबराचं वजन आधी शून्य करून घेतलं, खोड ती खोड), काट्यावर उभी ठेवली. 101 ग्रॅम. चाळीस कागदांना 202. हा एखादा टक्का काट्याच्या पदरात टाकायची घाई करू नका. कागद हवेतला ओलावा पितो, आणि छापील जीएसएममध्ये थोडं इकडेतिकडे चालतं. पण काटा 100 च्या जागी 112 सांगत असेल, तर त्याला निरोप द्यायची वेळ झाली.

याहून चांगली एक चाचणी आहे आणि तिला खरं वजन ठाऊक असायची गरजच नाही. एकच जड वस्तू काट्याच्या मधोमध ठेवा, मग चारी कोपऱ्यांवर एकेक करून ठेवा. पाचही आकडे सारखे यायला हवेत. आमच्याकडे आलेला प्रत्येक काटा या परीक्षेला बसायचा आणि नापास होणारे बरेचदा इथेच पडायचे. आणि हो, काटा गालिच्यावर ठेवून तपासू नका.

प्रश्न: पाऊस पाण्याचा, पाणी लिटरमध्ये मोजतो, मग पाऊस मिलिमीटरमध्ये का?

कारण लिटर सांगितले तर लगेच विचारावं लागेल, किती जागेवर? मिलिमीटर म्हणजे पडलेलं पाणी वाहून, मुरून, उडून न जाता जागच्या जागी साचलं असतं तर किती उंच चढलं असतं. सरळ भिंतींची बादली उघड्यावर ठेवा, तळाची पट्टी वाचा, झालं. बादली लहान असो की मोठी, उंची तीच. मात्र वर रुंद होत जाणारी बादली चालणार नाही, ती वरच्या मोठ्या तोंडाने जास्त पाऊस गोळा करून खालच्या अरुंद तळात ओतते. पर्जन्यमापकात हीच खोड कामाला लावतात: नरसाळ्याचं तोंड आतल्या नळीच्या दसपट क्षेत्रफळाचं असेल, तर एक मिलिमीटर पाऊस नळीत दहा मिलिमीटर दिसतो आणि वाचायला सोपा जातो.

लिटर हवेच असतील तर हिशेब तोंडी होतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पडला, की 5000 लिटर.

प्रश्न: लिटर हे नाव क्लोद एमिल झाँ-बातिस्त लित्र या शास्त्रज्ञावरून पडलं, असा मजकूर फोनवर आला. खरं का?

हे लित्रसाहेब जन्मालाच आले नव्हते. 1978 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वूलनर यांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठीच्या एका नियतकालिकात हे चरित्र गंमत म्हणून लिहिलं. बाटल्या बनवणाऱ्याचा मुलगा काय, अचूक काचसामानाचा कारागीर काय, सगळं रचलेलं. लोकांनी ते खरं धरलं, आणि अजून धरतात, हे तुमच्या फोनवरून दिसतंच.

थट्टेमागे खरी अडचण होती. एककांच्या खुणांचा नियम असा, की माणसाच्या नावावरून आलेलं एकक असेल तरच मोठं अक्षर: न्यूटन, वॉट, व्होल्ट. लिटर हा शब्द 'लित्रों' या जुन्या फ्रेंच मापावरून आलेला, म्हणून त्याला लहान एल. पण छापील लहान एल आणि एकचा आकडा जुळ्या भावांसारखे दिसतात. औषधाच्या चिठ्ठीवर '5 लिटर'चे '51' वाचले तर काय? मोठा एल वापरायचा तर मागे माणूस हवा, म्हणून वूलनर यांनी माणूस पुरवला. गंमत म्हणजे 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने माणसाशिवायच मोठ्या एलला परवानगी दिली.

प्रश्न: एक टेराबाइटची डिस्क घेतली, संगणक 931 गिगाबाइट दाखवतो. उरलेली कोणी खाल्ली?

कोणीच नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात: एकावर बारा शून्यं एवढे बाइट. काही संगणकप्रणाली 1024 च्या पटीत मोजतात आणि नाव मात्र तेच वापरतात. एकावर बारा शून्यांना 1024 ने तीनदा भागा, 931 येतात. या 1024 वाल्या मापांना 1998 पासून किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं आहेत, पण ती कोणी तोंडात घेत नाही. ऐकायला बाळाच्या बोबड्या बोलासारखी वाटतात, दोष त्यांचाच.

प्रश्न: उत्तर ध्रुवावर माझं वजन वाढेल का? (वजन सत्तर किलो, डाएट चालू.)

स्प्रिंगच्या किंवा डिजिटल काट्यावर, हो. विषुववृत्तावर बरोबर लावलेला काटा तसाच ध्रुवावर नेलात, तर तो तुम्हाला सुमारे 370 ग्रॅम जास्त दाखवील. पृथ्वीची ओढ विषुववृत्तावर 9.78 आणि ध्रुवावर 9.83, अर्ध्या टक्क्याचा फरक. हे काटे खरं तर तुम्ही खाली किती जोराने दाबता तेच मोजतात आणि किलोत भाषांतर करून सांगतात. दोन पारड्यांचा तराजू मात्र फसत नाही, कारण ध्रुव तुम्हालाही ओढतो आणि समोरच्या वजनांनाही.

हा फरक फक्त ध्रुवापुरता नाही. आमच्याकडचा एक नाजूक डिजिटल तराजू तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर हलवला, तीन मीटर वर. 200 ग्रॅमचं तेच वजन 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास हलकं भरलं. जागा बदलली की काटा पुन्हा लावून घ्यायचा, हा नियम त्यासाठीच. डाएटसाठी यातून फार काही हाती लागणार नाही. वरच्या मजल्यावर राहायला जा, एवढंच सुचवते.

प्रश्न: मी सहावीत आहे. सगळं दहा-शंभरमध्ये असतं, मग मिनिटात 60 सेकंद का? 100 का नाहीत?

कारण 60 चे समान भाग पटापट पडतात, बाळा. 2, 3, 4, 5, 6, 10, 12, 15, 20, 30, सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. 100 चे तीन भाग करून दाखव बघू! बॅबिलोनियातले लोक हजारो वर्षांपूर्वी साठाच्या पटीत मोजत, तिथपासून हे चालत आलं. आपल्या 'पळभर' आणि 'घटकाभर' या शब्दांतही साठच लपलेत: दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं. एक पळ म्हणजे 24 सेकंद. तेव्हा कोणी "पळभर थांब" म्हणालं, तर घड्याळ लावून 24 पर्यंत मोज आणि मग निघ.

शंभराचा प्रयोगही झालाय. फ्रान्सने 1793 मध्ये दिवसाचे 10 तास, तासाची 100 मिनिटं, मिनिटाचे 100 सेकंद केले. तशी घड्याळंही बनवली. त्यातला एक तास आपल्या 144 मिनिटांचा, म्हणजे तुमचा शाळेचा तास केवढा झाला असता विचार कर. लोकांना ते पचलं नाही, 1795 मध्ये सरकारने ते सोडून दिलं.

प्रश्न नव्हे, कानउघाडणी: "बाई, मागच्या अंकात तुम्ही जहाजाचा वेग 'ताशी 20 नॉट' लिहिलात. जहाजावर आयुष्य गेलं माझं. नॉटमध्ये तास आधीच असतो!"

कप्तानसाहेब, चूक कबूल. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, 1852 मीटर. 'ताशी नॉट' म्हटलं की तास दोनदा आला.

पण तुमच्या निमित्ताने नावाची गोष्ट सांगून घेते. नॉट म्हणजे गाठ, आणि ती खरोखरची गाठ होती. जहाजाच्या मागच्या बाजूने लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा. त्याला लांब दोरी, दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. तुकडा पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहतो, जहाज पुढे जातं, दोरी हातातून सुटत जाते. एक जण 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करतो, दुसरा बोटांतून सरकणाऱ्या गाठी मोजतो. वाळू संपली की "थांब!" गाठी आठ, तर वेग आठ नॉट. मी कागदावर भागाकार करून पाहिला: 28 सेकंदांत 47 फूट 3 इंच म्हणजे ताशी 1852 मीटरच्या अगदी लगत, हजारात एकाचाही फरक नाही.

दुरुस्ती: मागच्या अंकातल्या उत्तरात 'ताशी 20 नॉट' असं छापलं आहे, तिथे '20 नॉट' वाचावं.